अर्धी ज्वारी, अर्धा तांदूळ

पालेगावात हळदीचा मांडव कुणाच्याही दारात पडो, भाकऱ्यांचं बोलावणं जनीलाच जायचं. तांदळाची उकड काढावी जनीने, पाण्याचा हात लावून दोन तळव्यांवर भाकरी नाचवावी जनीने, आणि ती तव्यावर टम्म फुगली की बाकीच्या बायांनी मुकाट्याने वाटण वाटायला बसावं, असा रिवाजच पडला होता. गावाभोवती टॉवर उभे राहिले, खाचरांच्या जागी पार्किंग आलं, मुलगा हितेश त्या टॉवरना पाण्याचे टँकर पुरवू लागला. पण जनीच्या हाताचा मान कुणी काढून घेतला नाही, आणि तिनेही तो मान कधी कमी करून सांगितला नाही.

अशा बाईला सत्तावन्नाव्या वर्षी एका पिठाने रडकुंडीला आणलं.

झालं असं की सून जिज्ञासाला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले होते. सातव्या महिन्यात अंबरनाथच्या डॉक्टरांनी तिला ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासलं, तर साखर जास्त निघाली. आधी कधीच नव्हती. डॉक्टरीण तरुण होती पण बोलायला ठाम. म्हणाली, गरोदरपणातली साखर आहे, बाळंतपणानंतर बहुतेकींची जाते, तोवर मात्र तिला मोकाट सोडायची नाही. भात बंद, तांदळाची भाकरी बंद, गोड बंद. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, भाजी, डाळ, मासळी. सकाळी उपाशीपोटी एकदा आणि तिन्ही खाण्यांनंतर दोन तासांनी बोट टोचून साखर बघायची. उपाशी पंच्याण्णवच्या आत हवी, खाल्ल्यावर एकशेवीसच्या आत. दोन आठवडे पाहू, नाही उतरली तर इन्सुलिन.

"इन्सुलिन म्हंजे सुई?" जनीने विचारलं होतं.

"हो. रोज."

गाडीत बसल्यावर जनी सुनेचा हात धरून म्हणाली, "सुई-बिई काय नको. मी करतंय ना जेवान. बघ कशी उतरवतंय तुजी साखर."

बोलून गेली खरी. दुसऱ्या दिवशी मॉलमधून ज्वारीच्या पिठाची पिशवी आली आणि जनीने सवयीने उकड काढली, तर हाताला डिंक लागावा तसा तो गोळा तळव्यांना चिकटून बसला. उकड न काढता मळून पाहिलं. पाण्याच्या हाताने थापायला गेली तर कडा फाटल्या आणि उचलताना भाकरीचे तीन तुकडे झाले. तवाभर नुसता चुरा. हरिचंद्र, तिचा नवरा, दारातून डोकावला आणि म्हणाला, "आज उपमा केलाय का?" त्या दिवशी त्याला जेवण अर्धा तास उशिरा मिळालं.

"पीठ वाईट हाय," जनीने जाहीर केलं. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण आपलं अंगण वाकडं असू शकतं ही कल्पनाच तिला नवी होती.

खरं म्हणजे ज्वारीची भाकरी शिकायला तिला लांब जायची गरज नव्हती. भिंतीपलीकडे राजाबाई राहायची. जुन्नरकडची बाई. नवरा हिरामण कारखान्यात लागला तेव्हा नवी नवरी म्हणून इथे आली आणि इथलीच झाली. तिच्या घरात रोज अकरा वाजता परातीवर भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, थप थप थप, आणि तो जनीच्या स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू यायचा. पण त्या भिंतीपलीकडे जनी छत्तीस वर्षांत गेली नव्हती. वाटेत समोर आली तरी ती पदर सावरून मान वळवायची. एक हाक मारली असती तर काम झालं असतं, आणि नेमकी ती हाकच तिच्या घशातून निघण्यातली नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने ज्वारीत मूठभर तांदळाचं पीठ घातलं. भाकरी जरा धरली. चौथ्या दिवशी दोन मुठी. पाचव्या दिवशी अर्धी ज्वारी, अर्धा तांदूळ असं प्रमाण बसलं, आणि भाकरी अशी फुगली की जनीला आपला हात परत मिळाल्यासारखं वाटलं. रंगात फारसा फरक नव्हता. जिज्ञासा उरणची, जन्मात ज्वारी न चाखलेली, आणि तोवरच्या मोडक्या भाकऱ्या जनीने तिच्या ताटात जाऊच दिल्या नव्हत्या. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "आई, ज्वारी एवढी मऊ असते? मला वाटलं घशात अडकेल."

"हातावर असतं," जनी म्हणाली. तेव्हाच सांगितलं असतं तर दोघी हसल्या असत्या. पण कौतुक गिळून झालं होतं, आणि गिळलेलं परत काढता येत नाही. शिवाय तिच्या मनात होतंच, की तांदळावर सगळा आगरी मुलूख वाढला, कुणाचं काय वाईट झालं?

जिज्ञासा आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होती. दिवसभर आकडेच बघायची, आणि आकड्यांवर तिचा देवासारखा विश्वास. डब्यात तीच भाकरी जायची. दोन तासांनी ती बोट टोचायची आणि फोनवर हितेशला आकडा कळवायची. एकशे बावन्न. दुसऱ्या दिवशी एकशे एकोणपन्नास. मग एकशे अठ्ठावन्न.

जनीचं घड्याळाशी कधी एवढं नातं नव्हतं. आता मात्र एक वाजला की तिचे दोन तास सुरू व्हायचे. ती ओटीवर जायची, आत यायची, तांदूळ निवडायला घ्यायची आणि तांदूळ दिसताच सूप बाजूला सारायची. तीन वाजता हितेशचा फोन वाजला की तिचे कान टवकारायचे. त्याने तोंड वाकडं केलं की आकडा विचारायची गरज उरायची नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खात होती एक आणि खवखवत होतं दुसरीला.

तिने तांदूळ कमी करून पाहिला. मूठ कमी केली की भाकरी तुटायची, आणि तुटलेली भाकरी डब्यात घालायला तिचा हात धजायचा नाही. सून विचारेल, आज काय झालं? मग पुन्हा ती मूठ पिठात पडायची. हे तिला स्वतःचंच किळसवाणं वाटायचं, तरी सकाळ झाली की हात डब्याकडे जायचाच.

एका संध्याकाळी हितेशचा तोल सुटला. "जिज्ञू, खरं सांग. कॅन्टीनमध्ये काय खातेस? वडापाव? चहात साखर?"

"काही नाही खात रे."

"मग आकडा वर कसा जातो? आये एवढी मरमर करून ज्वारीच्या भाकऱ्या करते. तू बाहेर काहीतरी ढापतेस, दुसरं काय?"

मशीन उघडून जिज्ञासाने पुन्हा बोट टोचलं. चारही बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके पडले होते. जनी ओट्याजवळ उभी राहून ते बघत होती. आत्ता बोल, आत्ता बोल, असं तिने स्वतःला चारदा बजावलं आणि भाजीत मीठ दोनदा घातलं.

त्यानंतर मात्र आकडे उतरू लागले. एकशे बारा. एकशे चार. एकदा तर अठ्ठ्याण्णव. हितेश खूश झाला, बायकोला म्हणाला, बघ, बाहेरचं बंद केलंस ना? जनीलाही क्षणभर बरं वाटलं. तांदूळ तोच, भाकरी तीच, आणि साखर उतरली, म्हणजे आपला दोष नव्हताच की. पण हे समाधान तिच्या अंगी लागेना. दर खेपेला काहीतरी आत टोचत राहिलं. भाकरी तीच होती, तर आकडा कशाने उतरला?

उत्तर दोन दिवसांनी मिळालं. रविवार होता. जिज्ञासा गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि जनी मागून मिरच्या घेऊन चढली. सून कठड्याला धरून उभी होती, कपाळावर घाम, ओठ पांढरे. जनीने बादली बाजूला करून तिला खाली बसवलं. बसता बसता तिच्या गाऊनच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी पडलं. जनीने उघडलं, तर दुपारची भाकरी. अख्खी. कडेचा एक तुकडाही मोडलेला नव्हता.

"ही कशाला ठेवलीस?"

"कावळ्यांना." जिज्ञासाने डोळे मिटले. "आई, हितेशला नका सांगू. भाकरी खाल्ली की आकडा वर जातो. नाही खाल्ली की उतरतो. मी काकडी खाते, ताक पिते. मला सुई नकोय असं नाही, पण सगळे म्हणतात मी चोरून खाते. मी काहीच नाही खाल्लं आई. माझ्याच अंगात काहीतरी खोट आहे."

"किती दिस?"

"सहा."

जनीने ती भाकरी पुन्हा कागदात गुंडाळली. सहा दिवस पोटातल्या जिवासकट ती उपाशी होती, आणि तिला उपाशी ठेवणारी भाकरी फुगल्यावर आपण मान वर करून बघत होतो. हरिचंद्रला सांगावं? हितेशला? तो आधी घर डोक्यावर घेईल. तिने सुनेला खाली आणून उकडलेलं अंडं आणि डाळ भरवली आणि स्वतः त्या दिवशी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. भिंतीपलीकडून राजाबाईची थप थप ऐकू येत होती. जनीने खिडकी लावून घेतली, तरी आवाज यायचा तो आलाच.

सोमवारी तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली, आकडे बघून मान डोलावली, मग लघवीचा रिपोर्ट उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"जिज्ञासा, तू जेवतेस का?"

जिज्ञासाने वही आपल्याकडे ओढून मिटली.

"शरीर उपाशी असलं की चरबी जाळतं, ते यात दिसतंय. वजनही उतरलंय. हे बाळासाठी साखरेइतकंच वाईट आहे. कुणी सांगितलं उपाशी राहायला?"

"कुणी नाही," जिज्ञासा म्हणाली आणि रडू लागली. "चार्टप्रमाणे खाल्लं तरी आकडा वरच. सगळं तुम्ही दिलेलंच खात होते, फक्त ज्वारीची भाकरी."

"ज्वारीची नाय ती," जनी म्हणाली.

खोलीत सगळे तिच्याकडे वळले. तिचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते आणि ती त्यांच्याकडेच बघून बोलत होती.

"अर्धा तांदूल हाय त्याच्यान. मना ज्वारीची नाय जमली. उचलाला गेली का मोरते. म्हनून मी तांदूल घातला, रोज घातला. बाय माजी खरं बोलत होती आनि मी गप होती."

हितेशने "आये" एवढंच म्हटलं. जिज्ञासा सासूकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या आत सुटल्यासारखंही काहीतरी होतं. खोट तिच्या अंगात नव्हती तर.

डॉक्टरीणबाई कुणालाच ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता आठ दिवस खरी ज्वारी, पोटभर, वेळेवर. तरीही आकडा वर राहिला तर इन्सुलिन द्यावं लागेल, आणि तसं झालं तर तो कुणाचा गुन्हा नाही. बऱ्याच जणींना पथ्य पाळूनही लागतं. पण आजी, हे गंभीर का घ्यायचं ते समजून घ्या. आईची साखर जास्त असली की ती बाळाकडे जाते. बाळ जाडजूड होतं, बघणाऱ्याला वाटतं काय छान बाळसं. जन्मल्यावर आईकडून येणारी साखर एकदम थांबते. मग पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाची साखर झपकन खाली येऊ शकते. ते थरथरतं, गार पडतं, घामाघूम होतं, दूध ओढत नाही. वेळेवर लक्षात आलं तर सोपं असतं. नाही आलं तर हातचं जातं."

जनीचे हात सुटले.

"थरथरतं?" तिने विचारलं.

"हो."

"कितव्या दिवशी?"

"पहिल्या, दुसऱ्या. का?"

जनीने सांगितलं. छत्तीस वर्षांपूर्वी घरात सुईणीच्या हातून पहिला मुलगा झाला होता. गावातल्या वाण्याच्या, शिवरामच्या, दुकानातल्या काट्यावर तोलला, साडेचार किलो भरला. गाव बघायला लोटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची राजाबाई झबलं शिवून घेऊन आली, पोराला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, राजाच जनू. संध्याकाळी पोर थरथरू लागलं, गार पडलं, थानाला तोंड लावेना. दिवेलागणीला गेलं. सासूने तेव्हाच सांगितलं होतं, घाटावरचीची नजर लागली.

"आजी, तेव्हा कुणी तपासलं नाही. आता मी नक्की काही सांगू शकत नाही," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. "पण असं होतं. पुष्कळ होतं. आणि नजरेने नाही होत."

परतताना गाडीत हितेश अवघडल्यासारखा एकदा म्हणाला, "जिज्ञू, सॉरी," आणि जिज्ञासाने खिडकीबाहेर बघत मान हलवली. मागच्या सीटवर जनी पदराचं टोक पिळत बसली होती. छत्तीस वर्षं ती एका बाईला शिव्या घालून जगली होती. पोटच्या पोराचं दुःख पेलवत नव्हतं, म्हणून ते तिने शेजारणीच्या दारात नेऊन टाकलं होतं. आता तिथून ते उचलून आणायचं, तर हातांना वजन झेपेना.

घरी आल्यावर चपलाही न काढता ती स्वयंपाकघरात गेली, पिठाची पिशवी परातीत रिकामी केली, परात कडेवर घेतली आणि भिंतीला वळसा घालून पलीकडच्या ओटीवर जाऊन उभी राहिली. हरिचंद्र खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

राजाबाई लसूण सोलत होती. केस पांढरे झाले होते, एक डोळा मोतीबिंदूचा. तिने वर पाहिलं आणि लसूण तिच्या हातातच राहिला.

"मना ज्वारीची भाकर शिकव," जनी म्हणाली. "सुनेला साखर झालीय. माज्या हातून मोरते."

राजाबाईने परातीत बोटं घातली, पीठ चिमटीत चोळलं, हुंगलं.

"जुनं हाय. ह्याची विरी गेलीया, चिकटपना ऱ्हायला न्हाई. ह्याच्यानं देवाची बी भाकर व्हायची न्हाई." मग आत वळून म्हणाली, "ये. कालच दळून आनलंय."

तिने ताजं पीठ घेतलं, मधोमध आळं केलं, कढत पाणी ओतलं. "समदं एकदम भिजवायचं न्हाई. एका भाकरीपुरतंच घ्यायचं आन् मनगट लावून रगडायचं. तू तांदळावानी लाड करतीस त्याचा. ही लाडानं यायची न्हाई." जनीने मनगट लावलं. पाण्याऐवजी कोरं पीठ पसरून ती थापू लागली. पहिली फाटली. दुसरी उचलताना चिरली. राजाबाईने तुकडे बाजूला सारले आणि पुन्हा गोळा पुढे केला.

तिसरीच्या वेळी जनी मान खाली घालून म्हणाली, "माज्या पोराना तुजी नजर नवती लागली. साखरेचा आजार व्हता त्याना, असा वाटतंय. डॉक्टर बोलली. मी तुज्यावर खोटा आल घातला."

राजाबाईने चुलीवरचा तवा नीट केला.

"तू म्हनत व्हतीस तवर मी म्हनायची, न्हाई, मी काय केलं न्हाई," ती म्हणाली. "पर रातीला वाटायचं, आन् असंल तर? तवापास्नं मी कुनाचं लेकरू बघाया गेले न्हाई. माज्या पोराची, म्हेशची, किर्ती झाली, माजी सख्खी नात, तर बारशाला मी मागल्या दारी भांडी घासत बसले. पोरीचं तोंड मी सव्वा म्हैन्यानं बघितलं, ते बी आधी दुसरीकडं बघून."

जनीचा हात परातीत थांबला. बोटांखालची भाकरी थापायची राहिली. ती बोलली, "आमच्या बायचा पोर येल तवा पहिला तुज्या मांडीवर देन. तुनाच येवा लागंल."

राजाबाईने डोळ्याला पदर लावला, मग तोच हात पुढे करून परात जनीकडे सरकवली.

"थाप गं," ती म्हणाली. "हात थांबला की कड चिरती."